जोंधळ्याच्या लाह्यांची खिरापत

शोभावहिनींनी माझ्या हातातली पळी काढून घेतली. हसत काढून घेतली.

समोर पोरांची रांग होती. प्रत्येकाच्या हातात ताटली. पातेल्यातून मटकीच्या उसळीची वाफ येत होती. पहिल्या पोराच्या ताटलीत मी उसळ घालणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "वहिनी, हे मी बघते. तुम्ही मागचं पटांगण तेवढं झाडून घेता काय? तुम्हाला उरकतंय."

तुम्हाला उरकतंय.

बाकीच्या आया खाली बघत पाव मोजू लागल्या. एकीनं मला खराटा आणून दिला. पूनम, माझी पोरगी, त्याच रांगेत उभी होती. तिसरीत होती ती तेव्हा. तिनं माझ्याकडं बघितलं, खराट्याकडं बघितलं, आणि ताटली पुढं केली. शोभावहिनींनी तिला उसळ वाढली. वरून, ताटलीला पळी न लावता.

मी पटांगण झाडलं.

राजारामपुरीतली ती शाळा. खासगी, मराठी माध्यमाची, नाव चांगलं. माझा नवरा फौंड्रीत कामाला. दिवसभर भट्टीपुढं उभा राहायचा आणि एकच गोष्ट बोलायचा, पोरगी चांगल्या शाळेत शिकली पाहिजे. मागच्या बोळात आमची भाड्याची खोली होती. शाळेची घंटा घरात ऐकू यायची. त्या शाळेत आयांचं एक मंडळ होतं. दर शनिवारी सहा-सात जणी जायच्या. पोरांना उसळ-पाव वाढायचा, फळ्यावर सुविचार लिहायचा, नाटकाचे कपडे शिवायचे, जत्रेसारखं सगळं चालायचं. मंडळाच्या पुढारी शोभावहिनी. त्यांचं कापडाचं दुकान होतं. बोलायला साखरेच्या, आणि हाताला खरंच उदार. माझ्या पूनमला त्यांनीच एकदा फ्रॉकचं कापड दिलं होतं.

पूनम पहिलीत गेल्यापासून मी त्या मंडळात होते. कुणी माझी जात विचारली नाही. मीही सांगितली नाही. आमचं आडनाव असं, की ते वरच्या गल्लीतही सापडतं आणि खालच्या गल्लीतही. गाव कुठलं म्हणून विचारलं की मी सांगायची, गारगोटीकडचं. "मग काय, आपलंच की!" असं म्हणून त्या माझ्या हातचा चहा घ्यायच्या. त्यांनी मनातल्या मनात मला कुठल्या गल्लीत बसवलं होतं, ते त्यांचं त्यांना माहीत.

नवरा म्हणायचा, "झाकली मूठ हाय, तोवर बरं हाय."

मला ते कधीच पटलं नाही. मूठ मी झाकली नव्हती. उघडायला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

मूठ उघडली ती मे महिन्यात. शोभावहिनींच्या दिराचं लग्न होतं. मंडळातल्या सगळ्यांना आमंत्रण. मी माझी लग्नातली साडी नेसले, पूनमला त्यांनीच दिलेल्या कापडाचा फ्रॉक घातला, आणि गेलो आम्ही मायलेकी. संध्याकाळी वरात निघाली. पुढं हलगी-घुमकं. पोरं नाचत होती, धुरळा उडत होता. आणि पूनमनं माझा हात सोडला.

"आज्जा!"

हलगीवाल्यांच्या मधोमध माझे सासरे होते. डोक्याला भगवा पटका, गळ्यात हलगी. गारगोटीकडून कुणीतरी ताफा बोलावला होता, त्यातच ते आलेले. आमच्या मांगवाड्यात त्यांच्यासारखी हलगी वाजवणारा दुसरा नव्हता. पूनम धावत जाऊन त्यांच्यापुढं उभी राहिली. "आज्जा, मी! पूनम!"

म्हाताऱ्यानं तिला बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. माझी साडी, माझ्या भोवतीच्या बायका. सगळं एका नजरेत ओळखलं त्यानं. आणि तोंड फिरवलं. हलगी आणखी जोरात वाजवू लागला. नातीला ओळख दाखवली नाही.

आमच्यासाठीच केलं त्यानं ते. मला कळलं. नऊवारीतल्या म्हाताऱ्या, सुटातले पावणे, सगळे बघत असताना माझा सासरा स्वतःच्या रक्ताला नाकारत होता, का, तर मला शनिवारी उसळ वाढता यावी म्हणून. पूनम मात्र तशीच उभी. हाक मारली आणि ओ मिळाली नाही, हे तिला कळतच नव्हतं.

मी पुढं गेले. डोक्यावर पदर घेतला. वरातीच्या मधोमध, धुरळ्यात, वाकून सासऱ्यांच्या पाया पडले.

हलगी थांबली. म्हातारा हळूच म्हणाला, "कशापायी केलीस पोरी असं?"

मागं वळले तर शोभावहिनी उभ्या. त्यांनी विचारलं, "हे कोण तुमचे?"

"सासरे."

"अस्सं."

एवढंच. भांडण नाही, शिवी नाही. जेवायला बसा म्हणून आग्रहसुद्धा केला त्यांनी. पण त्या "अस्सं"मध्ये सगळं आलं होतं. जूनमध्ये शाळा भरली, आणि पहिल्याच शनिवारी पळी गेली.

नंतरचे सगळे शनिवार खराट्याचे. फळ्यावर सुविचार लिहायला गेले की खडू कुणीतरी आधीच घेतलेला असायचा. चहा यायचा, पण मला काचेच्या पेल्यात, बाकीच्यांना कपबशीत. तो पेला शाळेची मावशी वेगळा विसळायची. सगळं इतकं गोड, इतकं हळू, की बोट ठेवायचं कुठं? भांडायचं तर कशावरून? नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "झाडलीस म्हणून अंगाला भोकं पडली काय? पोरीच्या शाळेचं पटांगण हाय." मीही मनाला तेच सांगितलं. पोरगी ज्या मातीत खेळते ती माती. झाडली.

मग आला हादगा.

आमच्याकडं हस्त नक्षत्र लागलं की शाळाशाळांतून हादगा खेळतात. पाटावर हत्तीचं चित्र, भोवती पोरींचा फेर, गाणी. रोज एकीच्या आईनं खिरापत आणायची. पण खिरापत आणली आणि वाटली असं नसतं. डबा बंद ठेवायचा, वरून फडकं टाकायचं. गाणी संपली की बाई डबा हलवून दाखवतात आणि पोरींनी ओळखायचं, आत काय आहे. गोड का तिखट? गोल का चौकोनी? जिला ओळखता येईल तिची वाहवा. आणि ज्या खिरापतीला कुणीच ओळखत नाही, त्या आईची त्याहून मोठी वाहवा. ज्या पोरीची खिरापत असेल तिनं मात्र मूग गिळून बसायचं. सांगायचं नाही.

पाळी हजेरीच्या क्रमानं होती. पूनमचं नाव गाळलं असतं तर चारचौघांत दिसलं असतं. म्हणून गाळलं नाही. मला वाटलं, चला, निदान हादग्यात तरी. वेडी आशा. पण ती होती, आणि तिच्यापायी मी दोन दिवस राबले.

जोंधळ्याच्या लाह्यांचे लाडू करायचं ठरवलं. माझी आई करायची. लोखंडी तवा तापवायचा, भिजवून सुकवलेला जोंधळा टाकायचा आणि फडक्याच्या बोळ्यानं दाबून हलवत राहायचं. लाही फुटते, उडते, घरभर पळते. पूनम त्या वेचत होती, खात होती, हसत होती. मग गुळाचा पाक, वेलदोडा, आणि गरम गरम वळायचे. हात भाजतात. भाजले.

"राजारामपुरीतल्या कुण्णाला ओळखायचं न्हाय," पूनम म्हणाली. "त्यांच्यात लाह्या नुसत्या नागपंचमीला असत्यात."

सकाळी डबा मीच शाळेत पोचवला. बाईंनी दारातच घेतला, "ठेवा, ठेवा" म्हणाल्या. दुपारी हादग्यासाठी पटांगण झाडायचं होतं. ते अर्थातच माझ्याकडं. झाडलं, सडा टाकला, पाटाभोवती रांगोळी काढली. रांगोळी काढताना पूनम खिडकीतून ओरडली, "आई, मी कुणाला सांगितलो न्हाय!" एवढी खूश होती ती. दिवसभर ते गुपित तिच्या गालात फुगून बसलं होतं.

फेर सुरू झाला. मी खराटा घेऊन कडेला, नळापाशी उभी. आया खुर्च्यांवर. गाणी संपली. बाईंनी फडकं टाकलेला डबा आणला आणि हलवला.

खुळखुळ आवाज आला.

लाडू खुळखुळत नाहीत. लाडू धपधप वाजतात. पण मला वाटलं, मला ऐकू आलं असेल चुकून.

"गोड का तिखट?"

"गोड!"

"बर्फी?" "न्हाय." "बुंदी?" "न्हाय."

मग एक पोरगी ओरडली, "शंकरपाळी!"

"बरोब्बर!" बाई म्हणाल्या.

आणि माझी पूनम फेरातून उडी मारून बाहेर आली. टाळ्या पिटत, आनंदानं लालबुंद होऊन. "चुकलं! चुकलं! बाई, तुम्हाला पण कळलं न्हाय! आमच्या आईनं लाह्यांचे लाडू केल्यात!"

बाईंनी फडकं परत डब्यावर ओढलं.

डबा बदलायचं सुचलं होतं त्यांना. शोभावहिनींनी घरून शंकरपाळी आणली होती, बाईंना आधी सांगून ठेवलं होतं. माझा डबा आत ठेवायचा, त्यांचा बाहेर काढायचा, आणि संध्याकाळी माझा रिकामा करून परत द्यायचा. सगळं बेतशीर. फक्त हादगा म्हणजे काय, तेच विसरल्या. खिरापतीचं नाव मोठ्यानं घ्यावं लागतं. आणि जिची खिरापत आहे तिला ते माहीत असतं. डबा बदलता आला, पोरीचं तोंड बदलता आलं नाही.

बाई हसल्या. "अगं, आज दोन खिरापती आल्यात."

"मग आमची कुठाय?" पूनमनं विचारलं.

शाळेच्या मावशीनं माझ्याकडं बघितलं आणि हनुवटीनं एक दार दाखवलं. खराटे, बादल्या, फिनेलच्या बाटल्या ठेवायची खोली. मी तिथूनच तासापूर्वी खराटा घेतला होता. डबा आत फळीवर होता. खराटा घेताना माझा हात त्याच्या शेजारून गेला असणार.

डबा उचलला. जड. भरलेला.

पटांगणात आले. पाटाशेजारी, मीच काढलेल्या रांगोळीपाशी खाली बसले आणि डबा उघडला. लाडूंना फिनेलचा वास येत होता. पूनमला जवळ बोलावलं, एक तिच्या हातात दिला, एक मी घेतला. म्हणाले, "खा." ती खाऊ लागली. डोळ्यांतून पाणी आणि तोंडात लाही. फेरातल्या पोरींकडं मी डबा धरला. "या की गं. घ्या."

एक पुढं आली. पूनमच्या बाकावरची. तिनं लाडू उचललासुद्धा. मग खुर्च्यांकडं नजर टाकली. कुणी काही बोललं नाही, कुणी डोळे वटारले नाहीत. तिनं लाडू हळूच परत डब्यात ठेवला आणि म्हणाली, "नको काकू. पोट भरलंय."

आठ वर्षांची पोरगी. खिरापतीच्या आधी पोट भरलेलं. अगदी शोभावहिनींच्या आवाजात म्हणाली. खराट्यानं झालं नव्हतं, पळीनं झालं नव्हतं, पण त्या पोरीच्या त्या गोड बोलण्यानं मी आतून संपले. म्हणजे हे असंच पुढं जाणार. यांच्या पोरीही अशाच हसत नको म्हणणार. माझ्या जन्मात हे सरत नाही, पूनमच्याही सरणार नाही.

शोभावहिनी जवळ आल्या. "एवढं मनाला काय लावून घेतासा वहिनी? आम्ही काय जातबित मानतो व्हय? लोकांची पोरं हायत. उद्या कुणाचं पोट बिघडलं तर शाळेवर येतंय."

"तुमच्या शंकरपाळीनं न्हाय बिघडत?"

त्यांचं तोंड एवढंसं झालं. मी उठले. नळापाशी टेकवलेला खराटा आणला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो धरलासुद्धा, सवय नसलेल्या माणसासारखा, उलटा.

"घ्या," मी म्हणाले. "तुम्हाला पण उरकंल. जो माझ्या हातचं खात न्हाय, त्याचं पटांगण आजपास्नं माझा हात झाडणार न्हाय."

पूनमचं दप्तर घेतलं, डबा घेतला, आलो घरी.

कुणाला वाटेल इथून काही बदललं. काही बदललं नाही. मुख्याध्यापकांनी बोलावून समजावलं, की शाळेला मदत ही ज्याच्या त्याच्या खुशीची असते, मन नसेल तर येऊ नये. नवरा चार दिवस बोलला नाही. मग म्हणाला, "तुझं तोंड मोकळं झालं, पर पोरीला तिथंच बसायचं हाय." खरंच होतं ते. दुसऱ्या वर्षी शाळेनं घरची खिरापत बंद केली. दुकानातला खाऊ आणून वाटू लागले. माझ्या एका डब्याला हात लावायला लागू नये, म्हणून सगळ्या आयांचे डबे बंद. ओळखायचा खेळ गेला. पोरी चिडल्या, आणि चिडल्या त्या पूनमवर. तुझ्या आईमुळं, म्हणाल्या.

एक दिवस ती दारात उभी राहून, चपला न काढता मला म्हणाली, "आई, तू परत शाळंत येऊ नको."

मी गेले नाही. निकालालाही नवरा गेला.

सासरे त्यानंतर फार जगले नाहीत. वरातीतल्या त्या दिवसावर शेवटपर्यंत एकदाच बोलले. "मी वळखच दिली न्हवती. तूच घोळ घातलास." रागानं नाही, थकून म्हणाले. त्यांची हलगी मी गावाकडून आणली आणि खोलीत खिळ्याला लावली. पूनमनं तिला कधी हात लावला नाही. मैत्रीण घरी येणार असली की ती आधी येऊन हलगीवर टॉवेल टाकायची. मी काढायची. ती परत टाकायची. मायलेकींत त्यावरून शब्द कधी झाला नाही, नुसता टॉवेल वर-खाली.

शिकली मात्र. नवऱ्याचं म्हणणं खरं केलं तिनं. डी.एड. झाली, आणि दोन हजार आठला एका दुसऱ्या गावात प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून लागली. तिथं कुणी गाव विचारलं की सांगते, गारगोटीकडचं. पुढं बोलत नाही.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. बऱ्याच दिवसांनी आवाजात हसू होतं.

"आई, आमच्या शाळंत हादगा हाय. आया खिरापत आणतात. एक दिवस बाईंची पण खिरापत असते. तू ये की. ते लाह्यांचे लाडू कर. हितं कुण्णाला ओळखायचं न्हाय."

माझा जीव सुपाएवढा झाला. एवढी वर्षं तिला ते लाडू आठवत होते. मी म्हणणार होते, येते गं, उद्याच येते. तेवढ्यात ती हळू आवाजात म्हणाली, "फक्त आज्जाचं, हलगीचं काय काढू नको हं. गावाकडची पद्धत हाय, एवढंच सांगायचं."

मी फोन धरून उभी राहिले. पोरीचा राग आला नाही. तिनं त्या दिवशी तोंडात लाही घेऊन जे गिळलं, ते मी बघितलं आहे. तिला जगायचं आहे. एकटीला, परक्या गावात, तसल्याच शोभावहिनींच्या मधोमध. ती लपवते तर कुणाच्या भीतीनं लपवते, हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? पण माझ्या डोळ्यांपुढं म्हातारा उभा राहिला, तोंड फिरवून हलगी बडवणारा. त्यानं ओळख दिली नाही. आता पोरगी म्हणते, तूही देऊ नको.

म्हणाले, "लाडू करतो मी. पर डब्यासंगं मी येणार, आणि माझ्यासंगं कुणाची सून ते येणार. कुणी विचारलं तर सांगणार. न्हाय विचारलं तर आधी सांगणार, मग झाकण उघडणार. ज्याला खायाचं त्यानं खावं. चालत असंल तर बोलव."

"बघते," म्हणाली, आणि फोन ठेवला.

हस्त संपत आला. फोन आलेला नाही. येणार नाही, हे मला माहीत आहे. नवरा म्हणतो, एक दिवस गप्प बसली असतीस तर लेक भेटली असती. बरोबर बोलतो. लेक भेटली असती. कदाचित आता ती या घरी येईल तीही सणावारापुरतीच, आणि मी मेल्यावर ही हलगी कुठल्या अडगळीत जाईल, तेही मला दिसतं आहे.

जोंधळा डब्यात भरून ठेवला आहे. फोन आला तर लाह्या फोडायला वेळ लागणार नाही. पण माझी अट तीच राहील. हात माझा, आणि नाव माझ्या सासऱ्याचं. नाव झाकून माझ्या हातचा लाडू आता कुणाच्याही तोंडात जाणार नाही. पोटच्या पोरीसाठीसुद्धा नाही.